दुसरी आयडी आणि पटाचं घड्याळ

अमरावतीत गाडगेनगरपासून कठोरा नाक्यापर्यंत कॉलेजच्या पोरांनी भाड्याने घेतलेल्या खोल्यांची रांगच लागलेली आहे. दहा बाय बाराची खोली, तीन गाद्या, एक कूलर, दोरीवर वाळणारे टॉवेल आणि तिघांनी वर्गणी करून घेतलेलं वायफाय. रात्री मेसचा डबा आटोपला की यातल्या कुठल्याही खोलीत बीजीएमआय या मोबाइल गेमचा स्क्वॉड जमतो. चौथा गडी अकोल्याहून, जठारपेठेतल्या घरून जोडला जातो. आणि अशा एखाद्या खोलीत एखाद्या रात्री कुणीतरी ओरडतं, "माहा फोनच बॅन दाखवून राहिला बे!"

"कायले? हॅक मारला होता काय तुनं?"

"नाही ना बे. फोन सेकंडहॅन्ड घेतला, आधीच्यानंच काही लफडं केलं असन."

ही शंका हवेतली नाही. बीजीएमआय चालवणाऱ्या क्राफ्टन कंपनीने डिसेंबर 2021 मध्ये जाहीर केलं होतं, की चोरटं सॉफ्टवेअर वापरताना सापडलेल्या खात्याबरोबर तो फोनही कायमचा बाद होईल. नंतर तो फोन कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला, हे त्या यंत्रणेला कळायचं कारण नाही. अकोल्याच्या टॉवर चौकाकडच्या एखाद्या दुकानातून सहा-सात हजारांत जुना फोन घेणारं पोरगं काच बघतं, बॅटरी बघतं, चार्जिंगची पिन हलवून बघतं. फोनच्या मागच्या जन्माचं पाप बघायची सोय दुकानात नसते. मग हे पोरगं रूममेटच्या फोनवर आपली आयडी उघडतं. एका फोनवर दोन आयडी झाल्या. शनिवारी रूममेट गावी गेला की त्याच फोनवर त्याचा धाकटा भाऊ तिसरी उघडतो. एक वायफाय, दोन धड फोन आणि पाच-सहा आयडी, असा त्या खोलीचा हिशेब होऊन बसतो.

अशा खोलीबद्दल एक मत सध्या फार जोरात आहे. स्पर्धा भरवणारे ते मांडतात, मुलाच्या मोबाइलने हैराण झालेले पालक मांडतात, आणि हरलेला प्रत्येक खेळाडू तर मांडतोच. मत असं: जो दोन आयडी ठेवतो तो लबाड. एक माणूस, एक खातं. खातं आधारला जोडा, दुसरं दिसलं की उडवा, विषय संपला. ऐकायला हे रेशनकार्डाइतकं सरळ वाटतं, आणि रेशनकार्डाची भानगड ज्याने जवळून पाहिली आहे त्याला इथेच पहिली शंका यायला हवी.

या मतामागचा राग मात्र खोटा नाही, तेवढं आधी कबूल केलं पाहिजे. बंदी घातलेला चोर नव्या नावाने परत येतो, हे खरं. मुरलेला खेळाडू नवी आयडी काढून नवशिक्यांच्या लॉबीत शिरतो आणि त्यांची कत्तल करतो, हेही खरं. या प्रकाराला जगभर 'स्मर्फिंग' म्हणतात, आणि त्याची जन्मकथा मजेशीर आहे. 1996 साली 'वॉरक्राफ्ट 2' या गेममध्ये दोन खेळाडू इतके तरबेज झाले की त्यांचं नाव दिसताच समोरचे पळ काढू लागले. मग त्यांनी 'पापा स्मर्फ' आणि 'स्मर्फेट' अशी बालिश नावं घेतली, मुद्दाम कच्चं खेळण्याचं सोंग केलं आणि शेवटी समोरच्याला लोळवलं. पैशांच्या खेळात तर हाच प्रकार थेट चोरी होतो. 2007 मध्ये 'पोकरस्टार्स'च्या मोठ्या ऑनलाइन स्पर्धेत 'द व्हॉइड' नावाचं खातं पहिलं आलं. खातं एकीच्या नावावर होतं आणि पत्ते दुसराच कुणी खेळत होता, असं कंपनीला आढळलं आणि दहा लाख डॉलरहून मोठं बक्षीस काढून घेतलं गेलं. त्या निकालाला कुणी नाव ठेवण्याचं कारण नाही.

आपल्या भागातला राग तर आणखी जवळचा. 31 ऑगस्ट 2023 रोजी अचलपूरचे तेव्हाचे आमदार बच्चू कडू मुंबईत सचिन तेंडुलकर यांच्या घरासमोर आंदोलनाला उभे राहिले होते, ते ऑनलाइन गेमच्या जाहिरातीविरुद्धच. अमरावती जिल्ह्यातला माणूस या विषयावर वांद्र्याला जाऊन घोषणा देतो, तेव्हा त्यामागे गावोगावच्या घरांतली चिडचिड असते. तेव्हा उपद्रव आहे की नाही, हा वाद नाही. त्यावर आयड्या मोजणं हा इलाज आहे का, एवढाच वाद आहे.

यासाठी मोबाइल बाजूला ठेवून जरा शंकरपटाकडे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीकडे बघू. धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासरचा पट वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह पुन्हा वाट दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून पट परत जोमात भरतात. पटात आसपासच्या गावांच्या जोड्यांसाठी गावगाडा वेगळा आणि लांबून येणाऱ्या नामी जोड्यांचा गट वेगळा असतो. आता समजा, एखाद्याने दहा पट मारलेली जोडी आणली, बैलांची नावं बदलली, शिंगं वेगळ्या रंगाने रंगवली आणि गावगाड्यात नोंदवली. हा झाला बैलांचा स्मर्फ! तो पकडायला कुणी बैलांचं आधारकार्ड मागत नाही. आपल्याकडचा पट घड्याळावर चालतो. जोडी दाणीवरून सुटली आणि गावगाड्याच्या कुठल्याही जोडीने कधी न काढलेल्या वेळात रेषेपार गेली, की घड्याळावरचा माणूस, शेजारचा पंच आणि बांधावर बसलेला अख्खा गाव एकाच वेळी उठून उभा राहतो. जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याने काय नाव सांगितलं होतं, याला त्यानंतर काडीची किंमत उरत नाही.

खरं तर ऑनलाइन गेमपाशी या घड्याळापेक्षा हजारपट बारीक घड्याळ आहे. प्रत्येक गोळी, प्रत्येक वळण, नेम धरायला लागलेला वेळ, सगळं सर्व्हरवर नोंदलेलं असतं. 'व्हॅलोरंट' चालवणाऱ्या रायट कंपनीने हाच रस्ता धरला. नव्या खात्यावर कोणी मुरलेला गडी बसलाय हे त्याच्या पहिल्या काही डावांवरून ओळखायचं आणि त्याला लगेच वरच्या, त्याच्या बरोबरीच्या लॉबीत टाकायचं. त्याचबरोबर त्यांनी एक साधी चौकशी केली: लोक दुसरी आयडी काढतात तरी का? एक मोठं कारण निघालं ते मित्रांबरोबर खेळण्याचं. रँकमध्ये अंतर जास्त असलं की गेम दोघांना एका संघात खेळूच देत नव्हता, म्हणून वरच्या रँकचा गडी नवी आयडी काढून खाली उतरत होता. कंपनीने पाचही जण एकत्र आले तर रँकची अट काढून टाकली आणि दुसऱ्या आयडीचं ते कारणच कापलं. आमच्या त्या गाडगेनगरच्या खोलीत अकोल्याचा चौथा गडी कॉन्करर या वरच्या रँकला आणि बाकी तिघे खाली गोल्डमध्ये असले, तर याहून वेगळं काय घडत असेल?

आता 'एक माणूस, एक खातं' या घोषणेकडे वळू. ही घोषणा देणारा माणूस ज्या देशात राहतो, तिथे एका व्यक्तीला नऊ सिमकार्डं घ्यायची मुभा आहे. काही सीमेवरची राज्यं सोडली तर दूरसंचार खात्याचा हाच नियम आहे. बँकेत खाती कितीही. डिमॅट खातीही एकापेक्षा जास्त चालतात. मग सरकार झोपलेलं आहे का? मुळीच नाही. 2005 च्या सुमारास यस बँक आणि आयडीएफसी यांच्या समभागविक्रीत हजारो बनावट नावांची डिमॅट खाती काढून लहान गुंतवणूकदारांच्या वाट्याचे शेअर लुबाडले गेले, तेव्हा सेबीने ते प्रकरण मुळापासून उकरलं. त्यानंतर नियम काय झाला? डिमॅट खाती हवी तितकी ठेवा, पण एका विक्रीत एका पॅनवर एकच अर्ज. जिथे दुसऱ्याचा घास जातो, तिथे खीळ ठोकली. बाकी दार उघडं ठेवलं. शहाण्या नियमाचा यापेक्षा चांगला नमुना शोधायला परदेशी जावं लागत नाही.

आणि गंमत अशी, की गेमच्या बाबतीतही आपल्या सरकारने एकदा नेमकं हेच केलं होतं. एप्रिल 2023 पासून ऑनलाइन गेममधल्या जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर कापायचं ठरलं. एकाच खेळाडूची एकाच कंपनीकडे अनेक खाती असतील तर काय करायचं, हा प्रश्न आयकर खात्यापुढे आला. त्यांनी कुणाला चोर ठरवलं नाही. सगळ्या खात्यांतली भर आणि उचल एकत्र धरा, आपल्याच एका खात्यातून दुसऱ्यात फिरवलेले पैसे मोजू नका, आणि जो निव्वळ आकडा येईल त्यावर कर कापा, असा नियम केला. आयकरवाले काही फार मायाळू म्हणून प्रसिद्ध नाहीत. पण त्यांना पैशाचा माग हवा होता, खात्यांच्या संख्येशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन गेमच बंद केले, त्यामुळे तो नियम आता कपाटात गेला. त्यामागची अक्कल मात्र कपाटात ठेवण्यासारखी नव्हती.

तसं पाहिलं तर जोडखात्याचं नवल वऱ्हाडाने तरी करू नये. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं, 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमचं पट्ट्याने दिलं, आणि तरी 1936 पासून निजामाच्या बिरुदात 'हैदराबाद आणि बेरार' असं दिमाखात लिहिलं जायचं, त्याचा युवराज 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणवून घ्यायचा. नाव एकाचं, पासवर्ड दुसऱ्याकडे. शंभर वर्षं अशा खात्यावर काढलेला हा मुलूख आहे.

काही गेमनी तर दुसरं खातं स्वतःच विकलं. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा 'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळातला गेम. तिथे दुसऱ्या खात्यावर सवलत देणारी 'पॉवर ऑफ टू' नावाची योजनाच निघायची. एक खेळाडू चार खात्यांवर चार जहाजं चालवतो, हे तिथे कौतुकाने सांगितलं जातं. पण एकच कळ दाबून वीस जहाजांना एकदम हुकूम देणारं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा 1 जानेवारी 2015 पासून त्यावर बंदी आली. खाती राहिली, ते सॉफ्टवेअर गेलं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने 2020 मध्ये तेच केलं. ज्यांचा धंदाच हा आहे, त्यांना हा फरक कळला. आपल्याकडच्या तावातावाच्या चर्चेत तो का कळत नाही, कोण जाणे.

"बरं, पण मोबाइल नंबरला बांधून टाकलं तर?" हा पुढचा युक्तिवाद. बांधून झालेलं आहे. 'डोटा 2' या गेमने मे 2017 मध्ये रँकच्या सामन्यांसाठी प्रत्येक खात्याला स्वतंत्र फोन नंबर सक्तीचा केला. सहा वर्षांनी, सप्टेंबर 2023 मध्ये, त्याच व्हॉल्व्ह कंपनीला एका दमात 90,000 स्मर्फ खाती कायमची बाद करावी लागली. नंबरची अट असतानाचे हे नव्वद हजार आहेत! पण त्यावेळी व्हॉल्व्हने जोडीला जे सांगितलं ते अधिक महत्त्वाचं: स्मर्फ खात्यामागचं मूळ खातं शोधलं आहे, आणि यापुढे दुसऱ्या खात्यावर केलेल्या उद्योगांची शिक्षा मूळ खात्यालाही होऊ शकेल. हा पवित्रा नंबर मागण्यापेक्षा कितीतरी भारी, कारण वर्षानुवर्षं जपलेली आयडी गमवायला कुणी तयार नसतो.

नंबर पुरत नाही म्हटल्यावर गाडी आधारवर येते. दक्षिण कोरियाने हा प्रयोग आपल्या कितीतरी आधी केला. तिथे खातं काढायचं तर नागरिक क्रमांक द्यावा लागे, आणि 2007 पासून मोठ्या संकेतस्थळांना ओळख पडताळण्याची सक्तीच होती. 2011 मध्ये रात्री बारानंतर 16 वर्षांखालच्या मुलांना गेम बंद करणारा कायदा आला. मुलांनी आईबापाचे क्रमांक टाकले आणि खेळत राहिली. त्याच वर्षी नेट आणि सायवर्ल्ड या संकेतस्थळांवरून साडेतीन कोटी खात्यांची माहिती चोरीला गेली. देशाची लोकसंख्याच पाच कोटींच्या आसपास! पुढच्या वर्षी तिथल्या घटना न्यायालयाने ओळखसक्तीचा तो कायदा रद्द केला.

चीन त्याहून पुढे गेला. सप्टेंबर 2021 पासून तिथे मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सणासुदीला रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ, खऱ्या नावाची नोंद, वर चेहऱ्याची पडताळणी. नियम लागू होऊन थोडेच दिवस झाले, आणि तिथल्या लोकांनी एक अजब गोष्ट हेरली: साठ वर्षांच्या कुणाचं तरी खातं पहाटे तीनला 'ऑनर ऑफ किंग्ज'मध्ये एकापाठोपाठ पाच बळी टिपतंय. आजोबा म्हणायचे की अर्जुन! टेन्सेंट कंपनीने खुलासा केला, की त्या खात्याने मार्चपासून 17 वेळा चेहऱ्याची पडताळणी पार केली आहे. म्हणजे चेहरा आजोबांचा होताच. अंगठे कोणाचे होते ते कॅमेऱ्याला दिसत नाही.

हे चीनचं झालं. वऱ्हाडात काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. इथे सातबारा एकाच्या नावावर असतो आणि शेत दुसरा मक्त्याने नाहीतर बटईने करतो. कापूस विक्रीच्या कपास किसान ॲपवर नोंद आधार आणि सातबाऱ्याने होते, कापूस वेचणाऱ्याचं नाव त्यात असेलच असं नाही. घरातलं सिम बापाच्या नावावर, फोन आईकडे, गेम पोराच्या हातात. अशा घरात 'एक आधार, एक आयडी' लावली की दोन भावांपैकी एकाची आयडी बापाच्या आधारवर, दुसऱ्याची आजीच्या. खेळणारी पोरं तीच राहतील आणि आजीचा आधार क्रमांक तेवढा कुठल्यातरी परदेशी सर्व्हरवर जाऊन पडेल. कायद्याची अडचण वेगळीच. 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगी कंपन्यांना आधारची सक्ती करू देणारी वाट बंद केली. बँक खातं आणि सिमलाही आधार जोडायची सक्ती टिकली नाही. आणि गेमच्या आयडीला जोडायला निघालो आहोत आपण.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, जी या वादात सहसा निघत नाही. खात्यांचं पीक लावतं कोण?

बीजीएमआय 2021 मध्ये सुरू झाला, तेव्हा कंपनीच्या ओटीपीच्या नियमांत एक ओळ होती: एका मोबाइल नंबरवर जास्तीत जास्त 10 खाती. दहा! मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा, आणि एका नंबरवर दहा आयडी, हे एकाच नियमावलीत. एका आयडीचे तीन तास संपले की पोरगं काय करेल, हे कळायला पीएचडी लागत नाही. 'मित्राला जोडा, पन्नास रुपये मिळवा' ही पद्धत पैशांच्या ॲप्सनी वर्षानुवर्षं चालवली. आई, मावशी आणि शेजारचे काका यांच्या नंबरवर एकाच पोराने खाती काढली, त्याला बोनस मिळाला आणि ॲपला गुंतवणूकदारांपुढे नाचवायला 'नोंदणीकृत ग्राहकां'चा आकडा मिळाला. तेव्हा दुसरं खातं कुणाला खुपलं नाही. पैसे काढायची वेळ आली की मग खुपायचं.

शिवाय बॉट. 2020 मध्ये पबजीने आपल्या सामन्यांत माणसांसारखी नावं घेतलेले यांत्रिक खेळाडू सोडल्याचं स्वतःच जाहीर केलं; नवशिक्यांना जरा जिंकल्याचं सुख मिळावं, हा हेतू. तो हेतू समजण्यासारखा आहे. पण पैशांच्या गेममध्ये असं झालं तर? नोव्हेंबर 2025 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने विन्झो या कंपनीवर नेमका हाच आरोप ठेवला, की ग्राहकांना समोर माणूस आहे असं भासवून प्रत्यक्षात सॉफ्टवेअरशी खेळवलं. आरोप आहे, शाबित व्हायचा आहे. पण तो खरा ठरला तर सगळ्यात जास्त बनावट आयड्या बाळगणारा खेळाडू कोण ठरेल, याचा हिशेब वाचकाने करावा.

कापसाच्या मुलखाला ही गोष्ट नवी नाही. मटक्याचा जन्मच मुळी कापसावर झाला. न्यूयॉर्कच्या बाजारातून मुंबईला तारेने येणाऱ्या कापसाच्या खुल्या आणि बंद भावांवर लोक आकडे लावत. 1961 मध्ये ते भाव यायचे बंद झाले आणि मग मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. अकोल्याच्या पेपरांत आजही 'वरली मटक्यावर छापा' ही बातमी आठवड्यातून सुटत नाही. त्या धंद्यात चिठ्ठी कोणाच्या नावाने लिहिली, हे पैसे लावून घेणाऱ्या खायवालाने कधी विचारलं नाही. आणि लावणाऱ्यांनीही एकमेकांच्या चिठ्ठ्या मोजल्या नाहीत. त्यांचा संशय कायम एकाच माणसावर असायचा, आकडा काढणाऱ्यावर. ऑनलाइनच्या जमान्यात हा संशय अचानक शेजारच्या पोराकडे वळला, ही कंपन्यांची मोठीच कमाई म्हणायची.

या सगळ्यात महाराष्ट्राला खातेपडताळणीचा धडा एका मंत्र्याने दिला. जुलै 2025 मध्ये विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत बाहेर आली, तेव्हा तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी सांगितलं, की ऑनलाइन रमीला मोबाइल नंबर आणि बँक खातं जोडावं लागतं, आपलं असं काही जोडलेलं नाही, हवी तर चौकशी करा. कृषिखातं गेलं आणि क्रीडाखातं मिळालं! ते बाजूला ठेवू. पण त्यांना खुलासा करायची, चौकशी मागायची संधी मिळाली. आमच्या खोलीतल्या पोराला ती मिळत नाही. त्याला एक इंग्रजी पाटी मिळते आणि पाटीखाली 'ओके' असं बटण.

आणि इथे खरा अन्याय आहे. अनेक खाती पकडण्याच्या प्रचलित युक्त्या तीन: एकच इंटरनेट पत्ता, एकच फोन, एकच पैसे भरायचं साधन. बंगल्यात एकटं राहणाऱ्या, स्वतःचा फोन आणि स्वतःचं कार्ड असणाऱ्या माणसावर यातली एकही खूण कधी लागणार नाही. कठोरा नाक्याच्या खोलीवर तिन्ही लागतात. वायफाय सामाईक, फोन सामाईक, आणि यूसी, म्हणजे गेममधलं चलन, घ्यायचे पैसे ज्याच्या फोनपेत असतील त्याचे. आपल्याकडच्या मोबाइल कंपन्या तर एकेका इंटरनेट पत्त्यामागे हजारो ग्राहक बसवतात. पत्त्यावरून माणूस ओळखायला गेलं की काय होतं, ते विकिपीडियाने 2007 च्या सुरुवातीला पाहिलं: एक खोडसाळ पत्ता बंद केला, आणि अख्ख्या कतार देशाचं लेखन बंद पडलं, कारण त्या देशाची बहुतेक वाहतूक त्याच एका पत्त्यावरून जात होती. गरिबीत वस्तू वाटून वापरल्या जातात. हे वाटून घेणंच ज्या यंत्रणेला गुन्हा वाटतं, ती यंत्रणा चोर कमी आणि गरीब जास्त पकडते.

स्पर्धेचं मात्र वेगळं आहे. बीजीएमआयच्या 2021 च्या राष्ट्रीय मालिकेत एक कोटीची बक्षिसं होती. तिथे एका खेळाडूने दोन संघांतून उतरायचं ठरवलं तर त्याला हाकललंच पाहिजे, ओळखपत्र मागितलंच पाहिजे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हुतूतूची प्रात्यक्षिकं नेली होती; इथल्या मातीत खेळाची शिस्त बाहेरून आणावी लागत नाही. गावच्या कबड्डी सामन्यातही बाहेरचा गडी गावच्या नावाने उतरवला की पंच आधारकार्ड मागतात आणि वजनकाटा आणतात. पण ते सामन्यापुरतं. संध्याकाळी शाळेच्या पटांगणावर पोरं खेळतात, तिथे कुणी काटा घेऊन जात नाही.

म्हणून मागणी इतकीच आहे. बक्षीस असेल तिथे ओळख कडक तपासा. बाकी ठिकाणी घड्याळ लावा आणि मुरलेल्याला वर ढकला. एकाच डावात दोन खाती स्वतःशीच संगनमत करताना सापडली तर मूळ आयडीसकट उडवा. आणि बंदी घालण्याआधी कारण मराठीत सांगा, पुरावा दाखवा, एक उत्तर ऐकून घ्या. यात अशक्य असं काहीच नाही. माहिती तंत्रज्ञानाच्या 2021 च्या नियमांत 2023 मध्ये ऑनलाइन गेम चालवणाऱ्या मध्यस्थांचा समावेश झालेला आहे. तक्रार अधिकारी नेमणं, तक्रारीची पोच 24 तासांत देणं आणि ठरलेल्या मुदतीत ती निकाली काढणं त्या नियमांनी बंधनकारक आहे. निकाल पटला नाही तर 30 दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं; या समित्या मार्च 2023 पासून चालू आहेत. 'ओके' दाबण्याआधी त्या पाटीचा स्क्रीनशॉट मात्र काढून ठेवावा लागतो.

आणि दोन आयडी असलेल्या पोराला लबाड ठरवायची ज्यांना फार घाई झाली आहे, त्यांनी संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर आपला नंबर टाकून, ओटीपी देऊन, आपल्या नावावर सध्या किती सिम चालू आहेत ते एकदा बघून यावं.